शिवम्माची खाट

“आज्जी, तुमी भूत हाव का?”

विचारून टाकलं एकदाचं! द्वारकानं खिडकीचे गज घट्ट धरले. मागे कुंपणाआड दबा धरून बसलेल्या मैत्रिणी फिसकन हसल्या. पैजच होती तशी. सेलूच्या वृद्धाश्रमातली ही म्हातारी जेवत नाही, तरी खिडकीत बसलेली दिसते. म्हणजे ती मेलेलीच असणार, असं अख्ख्या नववीचं मत होतं. आणि आश्रमाचा कारभार द्वारकाच्या वडिलांकडे, रंगनाथरावांकडे. मग विचारणार दुसरं कोण?

शिवम्मानं सावकाश मान वळवली. रागावली मात्र नाही.

“अजून न्हाई गं माय. पण व्हायलेय.”

कुंपणाआडचं हसू थांबलं. द्वारका वळसा घालून दारातून आत गेली. खाटेखाली सकाळचं ताट तसंच होतं. भाकरी वाळून वाकडी झालेली, वरणाला मुंग्या लागलेल्या.

“जेवत का न्हाई तुमी?”

शिवम्माचा हात गळ्याशी गेला आणि तिथंच चाचपत राहिला.

“इथं लिंग होतं माझं, चांदीच्या डबीत. लहानपणी आईनं घातलेलं. त्याची पूजा केल्याबिगर आमी लिंगायत घास घेत न्हाई. ते काढून नेलं. आश्रमाच्या कपाटात हाय म्हणत्यात.” तिनं ओठांवरून जीभ फिरवली. “तहान सोसंना, म्हणून पाणी पिते. तेवढं माफ करंल शिव.”

“मग लेकाला सांगा की.”

“तो पाथरीला. कसा येईल? मोटारी बंद हायत न्हवं.”

तेही खरंच. विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटल्यापासून पाथरीची एसटी आलीच नव्हती.

द्वारका वळली. एवढीशी तर गोष्ट! कपाट उघडायचं, डबी द्यायची. ठेवणारा विसरला असेल. बाबांना कळलं की कपाळावर हात मारून घेतील, झालं.

मागच्या अंगणात आश्रमात कामाला असलेली कडूबाई चादर पिळत होती. दोरीवर उशीची खोळ वाळत होती.

“कुणाची गं मावशी?”

“शिवम्माच्या खाटेची.”

“ती तर अजून खाटेवर हाय!”

कडूबाईनं पिळा हातातच धरला. पाणी थेंब थेंब निथळत राहिलं.

“तुझ्या बापानं सांगितलं, दुसरी जोडी धुऊन ठेव.”

“अन् ती कशापायी जेवत न्हाई, ते त्यांना ठाव हाय?”

“म्या सांगितलं की. परत परत सांगितलं. डबी हरवली तर आपल्यावर बालंट यील, म्हणले.” कडूबाईनं फाटकाकडे बघून घेतलं. “जा तू घरी. अन् माझं नाव घिऊ नको, माय.”

“काय म्हणली गं? हाय का भूत?” मैत्रिणींनी घेरलं. द्वारका त्यांच्यामधून वाट काढत निघून गेली. जिंकलेल्या पैजेच्या गोळ्या मागायचंही तिला सुचलं नाही.

घरी आई आजीची लुगडी ट्रंकेत भरत होती. भिंतीला टेकून बसलेली आजी, सरजाबाई, पुन्हा पुन्हा विचारत होती,

“माझी ट्रंक कुठं चाललीय गं?”

तिला कुणी काही सांगत नव्हतं. वडील जेवायला बसले होते.

“रविवारी आजीला आश्रमात न्यायचंय,” ते हलक्या आवाजात द्वारकाला म्हणाले. “तुझ्या आईच्यानं होईना आता.”

“पण तिथं तर सगळ्या खाटा भरल्यात.”

“हुईल एक मोकळी.”

द्वारका वाट बघत राहिली, ते मान वर करतील म्हणून. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि चावत राहिले. आईला ट्रंकेची कडी लागेना. तिनं झाकणावर गुडघा रोवला.

“रविवारपतूर?” द्वारकानं विचारलं.

“जेवून घे तू. अगं, वाढ तिला.”

द्वारका बसली नाही. तिनं आईचा गुडघा हलकेच बाजूला केला, ट्रंक उघडली आणि वरचं लुगडं काढून आजीच्या मांडीवर ठेवलं.

“आजी कुठंबी जात न्हाई,” ती म्हणाली. आवाज आपलाच आहे, याचं तिला नवल वाटलं. “माझ्यापाशी झोपंल. तिचं उठणं-बसणं, हागणं-मुतणं, समदं मी बघीन. आता तुमाला ती खाट लागत न्हाई, बाबा. कपाटाची चावी द्या.”