मागच्या चाकाची वाट

अल्लीपूरच्या मंदाबाईंच्या घरी एक रीत होती. कापसाची पहिली गाडी जिनिंगला निघाली, की घरातल्या थोरल्या बाईने तिच्यावर बसून गावाच्या वेशीपर्यंत जायचे. सासूबाई बैलबंडीवर बसत. बंडी जाऊन ट्रॅक्टर आला आणि मंदाबाई मडगार्डवर बसू लागल्या. काठाचे लुगडे, ताठ पाठ, एक हात ड्रायव्हरच्या सीटमागच्या दांड्यावर. लोक दारात येऊन पाहत, आणि लोकांनी पाहावे यासाठीच ते असे.

या वर्षीही नारळ फुटला, ताडपत्रीचे दोर आवळून झाले. मंदाबाईंनी मडगार्डवर चढण्यासाठी पदर खोचला, तोच स्टेअरिंगवर बसलेली त्यांची सून प्रेरणा म्हणाली,

"आई, मडगार्डवर कोणीच बसणार नाई. चंद्रभानकाकाचा पहिला नियम आहे."

"माझ्या घरात चंद्रभानचा नियम केव्हापासून चालून राह्यला?"

"घरात तुमचाच. ट्रॅक्टरवर त्यायचा."

आजूबाजूच्या वेचणीच्या बाया पदराआड हसल्या. मंदाबाईंनी तिकडे एकदाच पाहिले आणि हसणे थांबले.

चंद्रभान हा या घरचा बावीस वर्षांचा ड्रायव्हर. गेल्या वर्षीच्या अपघातानंतर त्याने ट्रॅक्टरला हात लावला नव्हता. मंदाबाईंचा मुलगा गोपाल वर्ध्याला नोकरीत, तो रविवारपुरता घरचा. तेव्हा प्रेरणाने पावसाळ्याआधी चंद्रभानला गाठले आणि त्याच्याकडून शिकून घेतले. रिकाम्या वावरात तुराट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, रोवून त्याने कोपरे तयार केले होते. ट्रॉली वळली, तुराटी मोडली, की तो नवी रोवी आणि म्हणे, पुन्हा. महिनाभर रोज मोडलेल्या तुराट्यांचा भारा चुलीसाठी घरी येत असे. एके दिवशी आला नाही, तेव्हा मंदाबाईंना कळले की सून शिकली.

"आणखी एक आहे, आई," प्रेरणा आता हळू बोलली. "तानबाबुवाच्या ओट्याच्या कोपऱ्यावर मले गाडी समोरच्या भैय्याजीच्या अंगणातून घ्या लागते. काल विचारलं त्यायले. ते म्हणाले, सासूले पाठव."

मंदाबाईंचा चेहरा आवळला. भैय्याजींच्या अंगणाकडे त्यांनी अकरा वर्षांत नजर टाकली नव्हती. नालीच्या भांडणात, यजमान जाऊन वर्ष झाले नव्हते तेव्हा, त्या माणसाने चार लोकांसमोर म्हटले होते, बाईमाणसाने चूल पाहावी, गावच्या नाल्या पाहू नयेत.

"काही गरज नाई. कोपऱ्याले चिकटून घे. बंडी वळत नव्हती का तिथून?"

"बंडीचं चाक बैलाच्या मागंच असते. ट्रॉलीचं पार मागं. ट्रॅक्टर गेला त्या वाटेनं ते येत नाई, आई, आतली वाट कापते. म्हणून पुढचं बाहेर न्या लागते, लांब, मंग मागचं ओट्यापासून दूर राह्यते. काका म्हणते, माझ्यासारखी चूक करू नोका."

"असं म्हणते तो? माझ्यासारखी?"

"नेहमीच म्हणते. काऊन?"

मंदाबाईंनी खोचलेला पदर सोडला. "मी बोलावल्याशिवाय गाडी हालवू नोको," एवढे सांगून त्या पायीच निघाल्या.

कोपरा दोनशे पावलांवर होता. पण त्या दोनशे पावलांत त्यांना गेले वर्ष सारे चालावे लागले. जुनी ट्रॉली आखूड होती, कशीबशी निघून जाई. गेल्या हंगामात नवी, लांब ट्रॉली घेतली. तिची पहिली खेप. डावीकडे वळायचे होते आणि चंद्रभानने गाडी आधी उजवीकडे, भैय्याजींच्या अंगणाकडे नेली. मडगार्डवरून मंदाबाईंनी त्याच्या खांद्यावर हात मारला.

"त्याच्या दारात माझं चाक जायचं नाई. डावीकडं घे."

"बाई, मागचं बसणार नाई."

"बंडी बसत होती. घे म्हणते ना!"

त्याने घेतले. मागचे चाक तानबाच्या ओट्यावर चढले. तानबा पाय सोडून बसला होता. एक पाय ओढायचा राहिला. सेवाग्रामच्या दवाखान्यात त्यात सळई घातली. गाव म्हणाले, चंद्रभानच्या डोळ्यांचा अंदाज गेला. चंद्रभान मान खाली घालून म्हणाला, माझ्याच हातून झालं. इंजिनाच्या आवाजात मंदाबाईंचे शब्द त्याच्याखेरीज कोणी ऐकले नव्हते, आणि मंदाबाईंना कोणी विचारलेही नाही. त्यांनी एकवीस दिवस तानबाकडे जेवणाचा डबा पोचवला, रोज वेगळी भाजी. ते एक वाक्य तेवढे पोचवले नाही.

कोपऱ्यावर तानबा ओट्यावर बसलेलाच होता. दूर उभी असलेली भरली ट्रॉली त्याला दिसली, तसा त्याने दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि ओट्यावर घेतला. मंदाबाई जागीच थबकल्या. चंद्रभान ओट्याच्या टोकाशी चुन्याने रंगवलेली वीट उभी करत होता. चाक कुठवर येते ते पाहायला. समोर भैय्याजी खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होते आणि अंगणाच्या तोंडाशी त्यांनी स्कूटर व बाक आडवे लावून ठेवले होते.

"भैय्याजी, गाडी वळवायले तुमचं अंगण पाहिजे," मंदाबाई म्हणाल्या.

"अकरा वर्षांनी आवाज ऐकला, वहिनी! चहा मांडायले सांगू?"

"अंगण मागितलं, चहा नाई."

"देतो न, नाई कुठं म्हणतो. पण नवशिकी डायवर, त्यात बाईमाणूस. चंद्रभानसारख्या जुन्या गड्यानं इथं माती खाल्ली, मंग..."

चंद्रभान विटेकडेच पाहत राहिला. इथे मंदाबाईंना गप्प राहणे सहज शक्य होते. अंगण मिळालेच होते.

"चंद्रभाननं नाई खाल्ली," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच, चौकात पोचेल असा. "तो तुमच्याच अंगणातून गाडी घेऊन राह्यला होता. म्या अडवलं. तुमच्या दारात माझं चाक जाऊ नोये म्हणून. तानबा, तुमचा पाय माझ्या बोलण्यानं मोडला. त्याच्या हातानं नाई."

भैय्याजींचे वर्तमानपत्र मांडीवर आले. तानबाने आपल्या पायाकडे पाहिले, मग मंदाबाईंकडे.

"एकवीस दिवस डबे," तो म्हणाला. "पंधराव्या दिवशीच मले शंका आलती, मंदाबाई. एवढं कोणी उगाच खाऊ घालत नाई. पण बोलायले साल लावलं तुमी."

"लावलं."

तानबाने फक्त मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, हे मंदाबाईंना कळले नाही.

"बाई," चंद्रभान उभा राहिला. "तुमी सांगतलं हे खरं. पण ब्रेक माझ्या पायाखाली होता. मले थांबता येत होतं."

"थांबला असता तर म्या तुले तिथंच कामावरून काढलं असतं."

"काढलं असतं," त्याने मान्य केले. "अन् दुसऱ्या दिवशी बोलावलं असतं. तरी नाई थांबलो मी. प्रेरणाबाईले तेच शिकवलं. कोणी काही म्हणो, मागचं चाक तुमालेच दिसते, तर थांबा."

मंदाबाईंना सकाळचे मडगार्ड आठवले. पहिला नियम कोणासाठी केला होता, हे त्यांना आता समजले.

भैय्याजी उठले. त्यांनी स्कूटर भिंतीला लावली, बाक आत ओढला, आणि जरा विचार करून खुर्चीही उचलली. मंदाबाईंनी हात वर करून सुनेला खूण केली.

ट्रॅक्टर आला. वळण आले तरी प्रेरणा वळली नाही. सरळ पुढे, मग उजवीकडे, थेट भैय्याजींच्या पायरीच्या रोखाने. आत घे, हे शब्द मंदाबाईंच्या ओठांवर आले. त्यांनी पदराचे टोक मुठीत धरले आणि ते शब्द गिळले. ट्रॅक्टरचे तोंड पायरीपासून हातभर अंतरावर आले तेव्हा ते डावीकडे फिरले. मागून ती लांब ट्रॉली सावकाश आतल्या बाजूला सरकत आली, ओट्याकडे, अगदी ओट्याकडे. वरून, मडगार्डवरून, हे कधी दिसलेच नव्हते. आज जमिनीवर उभे राहून त्यांनी पहिल्यांदा मागच्या चाकाची वाट पाहिली. चाक विटेपासून वीतभरावरून गेले. वीट हलली नाही.

तानबाने पाय खाली सोडला.

पुढे जाऊन प्रेरणाने गाडी थांबवली आणि मागे वळून ओरडली, "आई, बसस्टँडजवळ आणखी एक वळण आहे!"

"माहीत आहे मले. थांब तिथंच." मंदाबाईंनी पदर सारखा केला. "चंद्रभान, चल. त्या कोपऱ्यावर पोट्टे फटफट्या लावून उभे राह्यते. त्यायले मी हटवते. चाक तू पाह्यजो."

"वहिनी, चहा?" मागून भैय्याजींनी विचारले.

"रिकामी ट्रॉली इथूनच परत येणार आहे. तवा पाहू. अन् स्कूटर तिथंच राहू द्या."

वेशीपर्यंत ट्रॅक्टर त्यांच्या मागून गेला, त्यांच्या चालीने.