सोमनाथच्या गाडीतला नवा रेडिओ

चितेगावच्या कारखान्यात सोमनाथनं एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून काढली होती. त्यामुळं वायर म्हटलं की तो कुणाचं ऐकून घ्यायचा नाही, बायकोचं तर नाहीच. रिटायर झाल्यावर त्यानं एक जुनी गाडी घेतली. गावोगाव फिरून केसांचं तेल विकणाऱ्या एका म्हाताऱ्याची ती व्हॅन. आत झोपायचा बाक, गॅसची शेगडी, भांडी घासायला एवढंसं बेसिन. टपावर एक भोंगाही होता, पण म्हातारा म्हणाला होता, "तो मेला कधीचाच. नुसता शोभेला हाय." सोमनाथनं त्याच्यावरच गाद्या रचून ताडपत्री बांधून टाकली.

गाडीत सगळं ठीक होतं, फक्त रेडिओ विचित्र होता. गाडीसोबत कंपनीतूनच आलेला, पंचवीस वर्षांचा. त्याचं एक बटण गळालेलं, ते सांडशीनं फिरवावं लागायचं. आणि तो फक्त खड्ड्यात गाडी आदळली की सुरू व्हायचा. पुढच्या खड्ड्यात बंद.

"आता रस्ते चांगले झालेत, त्यात त्याचा काय दोष?" त्याची बायको दीपमाला म्हणायची. तिला तो आवडायचा.

पण सोमनाथच्या डोक्यात मोठ्या काचेचा, बोटानं चालणारा रेडिओ भरला होता. लेक श्रेया कन्नडला दिलेली. तिच्या सासरी नवा रेडिओ वाजवतच जायचं, असं त्यानं ठरवलं आणि मुकुंदवाडीच्या घरासमोर भर दुपारी कामाला बसला.

"दुकानात बसवून देतात म्हणं," दीपमाला म्हणाली.

"मी काय एकतीस वर्षं शेंगा सोलल्या का?"

त्यानं जुना रेडिओ ओढून काढला आणि मागचा प्लग कचकन कापला. कापल्यावर लक्षात आलं की गाडीतल्या सगळ्या वायरी उन्हानं एकाच रंगाच्या झाल्यात, मातकट. एक निळी तेवढी ओळखू येत होती. मग त्यानं एकेक वायर तपासली आणि खूण म्हणून दीपमालाच्या टिकल्या चिकटवल्या. लाल टिकली चावीची, काळी अर्थिंगची, चमकीवाल्या स्पीकरच्या. तेवढ्यात चहा आला. चहा पिऊन होईस्तोवर उन्हानं निम्म्या टिकल्या खाली गळाल्या, दोन त्याच्याच कोपराला चिकटल्या.

सोमनाथनं चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासलं. शेवटी ती निळी उरली. ती बाकाखालच्या एका बंद पेटीत जात होती.

"ही कशाची हो?" दीपमालानं विचारलं.

"नव्या रेडिओलाबी एक निळी हाय. रंग जुळला, सोयरीक जुळली." त्यानं दोन्हींना पीळ दिला आणि वर टेप गुंडाळली.

चावी फिरवली. काच उजळली, गाणं लागलं. "आवाज बघ किती भरदार! छताला घुमतोय," सोमनाथ म्हणाला. छताला का घुमतोय, हा प्रश्न एकतीस वर्षांच्या अनुभवाला पडला नाही. त्यानं दीपमालाचा फोन रेडिओला जोडून दिला, म्हणजे फोनही गाडीतच ऐकू येईल.

दुसऱ्या दिवशी दोघं निघाली. वाऱ्यानं ताडपत्री फडफडायला लागली, म्हणून कन्नडच्या बाजाराजवळ गाडी थांबवून त्यांनी गाद्या आत घेतल्या. बाजाराचाच दिवस, तुडुंब गर्दी. दोघं पुन्हा गाडीत बसतात न बसतात तोच श्रेयाचा फोन आला. दीपमालानं काचेवर बोट टेकवलं.

"आई, हळूच बोलतेय गं," श्रेया कुजबुजली.

ती कुजबूज टपावरच्या भोंग्यातून अख्ख्या बाजारावर कोसळली. मेथीच्या जुड्या बांधणारी बाई दचकून आकाशाकडं बघायला लागली.

"सासूबाई बाजारात गेल्यात, म्हणून पटकन फोन केला. तुम्ही जेवूनच या! त्यांनी परत ती झणझणीत येसर आमटी केलीय. मागच्या वेळी पप्पांचं काय झालं आठवतंय ना? दोन दिवस संडासातून बाहेर नव्हते!"

तराजू थांबले. सोमनाथ काचेवर बोटं आपटायला लागला, पण कुठलंच बटण दाद देईना.

"श्रेया, फोन ठेव!" दीपमाला ओरडली.

"ठेवते. पप्पांना म्हणावं, उपास आहे सांगा. मागच्या खेपेला मी माझी वाटी मांजराला दिली, तर मांजर तीन दिवस घरी आलं नाही."

आता लोक पोट धरून हसत होते. त्या हसण्यातून वाट काढत, हातात कोथिंबिरीची पिशवी घेऊन, नऊवारीतल्या एक बाई गाडीच्या खिडकीशी आल्या. श्रेयाच्या सासूबाई, चंपाबाई. सोमनाथला वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला व्हॅनसकट पोटात घेईल तर बरं.

चंपाबाईंनी खिडकीतून डोकं आत घातलं आणि म्हणाल्या, "सूनबाई, मी बाजारातच हाय."

भोंग्यातून बारीक आवाज आला, "आई... हे कोण बोललं?" आणि फोन कट.

"विहीणबाई, पोरीचं मनावर घेऊ नका," दीपमाला रडकुंडीला आली. "लई चुकलं तिचं."

"तिचं ऱ्हाऊ द्या. व्याहीबुवा, तुम्ही सांगा. आमटी तिखट होती?"

सोमनाथनं दीपमालाकडं पाहिलं, बाजाराकडं पाहिलं. आता लपवायला काय राहिलं होतं? "व्हय," तो म्हणाला. "लई."

"मग लग्नात दोनदा मागून का घेतली?"

"पहिली वाटी घशाखाली जाईना. म्हटलं आणखी घेतली तर तुम्हाला बरं वाटंल."

चंपाबाईंचे खांदे गदगदा हलायला लागले. दीपमाला घाबरली, पण त्या हसत होत्या. "अवं, मला तरी कुठं सोसती ती? तुम्हाला आवडती म्हणून पहाटं उठून मसाला भाजते. शिंकून शिंकून जीव जातो माझा! चार वर्षं झाली, निस्ती शिंकते!"

तेवढ्यात सोमनाथचं बोट काचेवर भलतीकडंच पडलं आणि भोंग्यातून रस्ता सांगणाऱ्या बाईचा करडा आवाज सुटला, "शक्य असेल तिथं मागे वळा." पुढं चाललेल्या जीपवाल्यानं कचकन ब्रेक मारला आणि खरंच गाडी वळवायला लागला. तेव्हा कुठं सोमनाथ बाकाखाली शिरला आणि भोंग्याच्या पेटीत जाणारी ती निळी वायर उपटून काढली.

घरी श्रेया दारातच उभी होती, चेहरा पांढराफटक. चंपाबाईंनी पिशवी तिच्या हातात दिली. "आमटी झाकून ठेव, ज्याला पायजे तो खाईल. आज पिठलं टाकू. आणि घरात नाय, त्या गाडीतल्या शेगडीवर."

मग दोघी विहिणी त्या चिंचोळ्या जागेत कोपराला कोपर लावून पिठलं घाटत बसल्या. सोमनाथ दारात बसून भाकरीची वाट बघत होता. जेवण झाल्यावर चंपाबाईंनी बाकावर बसून गादी दाबून पाहिली, नळ सोडून पाहिला, पडदा दोनदा उघडला, मिटला.

"यात झोपता बी येतं?"

"येतं की. दोघी आरामात," दीपमाला म्हणाली.

"म्हैसमाळचा डोंगर इथून जवळच हाय म्हणत्यात. इतकी वर्षं झाली, मी काय वर गेले नाय." त्यांनी पदर सावरला. "दोन दिवसांची रजा मी माझी मीच काढते. व्याहीबुवांना हितं ठिवू. गाडी चालवायला येती का तुम्हाला, विहीणबाई?"

दीपमालानं सोमनाथच्या पुढ्यात हात पसरला. "किल्ली द्या."