शिडीवर हरकत
शिडी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण चौदाव्या वर्षी जी पोर स्टूल न घेता पंख्याची धूळ पुसते, तिला घरात दुसरं काय म्हणणार? नाव आत्याने ठेवलं. लहानाची मोठीही तिनेच केली, तेव्हा नावं ठेवायचा हक्क तिचाच होता.

त्या दुपारी मुलींच्या चारशे मीटरची अंतिम शर्यत होती. सहा जणी पळणार, पहिल्या तिघी पुढच्या महिन्यात मोठ्या मैदानावर जाणार. पिस्तूलवाले काका जुन्या वळणाचे. बार काढण्याआधी ते दर वेळी मोठ्याने विचारत, "कुणाची कुणावर हरकत? आत्ताच बोला, नंतर कुरकुर नको." हरकत फक्त पळणाऱ्यांनीच घ्यायची आणि ती मिटेपर्यंत पिस्तूल वर जायचं नाही. एरवी कुणी बुटांच्या खिळ्यांबद्दल बोलायचं, नाहीतर कुणीच बोलायचं नाही.

या वेळी चौथ्या लेनमधल्या वेणीवालीने हात वर केला. दोरीपलीकडून तिचे वडील मान हलवून तिला धीर देत होते.

"तिच्यावर," शिडीकडे न बघता ती म्हणाली. "ती मुलगी वाटत नाही."

केस बारीक कापलेले, आवाज घोगरा, आणि सकाळच्या फेरीत सगळ्यांना मागे टाकलेलं. वडिलांना एवढा पुरावा रग्गड होता.

"तंबूत जा बाळ," काका ओशाळून म्हणाले. "डॉक्टरबाई आहेत. कपडे काढून बघतील, पाच मिनिटांचं काम."

शिडीने तंबूकडे पाहिलं. तंबूचा पडदा धड लागतही नव्हता. तेवढ्यात आत्या दोरीखालून वाकून आत आली. "मी न्हाऊमाखू घातलंय हिला. काय ते मला विचारा."

"नातेवाइकांची साक्ष चालत नाही, ताई."

"मग शेजारणीला बोलावू?"

काका डोकं खाजवू लागले. इतक्यात दुसऱ्या लेनमधली बुटकी पुढे झाली. "काका, माझीपण हरकत आहे. पहिल्या लेनवर. तिच्या दंडाला बेटकुळी येते."

"मग माझी हिच्यावर," पहिली म्हणाली. "हिला मिशी आहे."

"तुलाही आहे."

"मग माझ्यावरही घ्या."

सकाळपासून या सगळ्या एकाच खोलीत कपडे बदलत होत्या, एकमेकींच्या पिना आणि फणी वापरत होत्या. कोण मुलगी आहे, हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता. आता मात्र त्यांना जोर चढला. पाचवीने सहावीवर हरकत घेतली, कारण ती शिट्टी वाजवते. सहावीने वेणीवालीवर घेतली. "हिचे बूट माझ्या बाबांना सैल होतील."

डॉक्टरबाईंनी तंबूतून डोकं बाहेर काढलं. "एवढ्या सगळ्या? अहो, माझा चहा व्हायचाय अजून."

वेणीवालीचे वडील दोरी ओलांडून धावत आले. "माझ्या मुलीला आत नेणार? वयात आलेली पोर आहे. लाज वाटायला पाहिजे तुम्हाला."

"वाटायलाच पाहिजे," आत्या म्हणाली. "मी मघापासून तेच बोंबलतेय. पण तुमचा आवाज लवकर पोचतो."

आता फक्त शिडी उरली होती. काका तिच्याकडे वळले. "तुझी कुणावर?"

वेणीवालीने मान खाली घातली. शिडीला इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी तरारलं. एक बोट दाखवायचं, की फिटंफाट झाली असती. पण तंबूचा तो अर्धवट पडदा तिला दिसत होता.

"कुणावर नाही," ती म्हणाली. "मला पळायचंय."

"माझी परत घेते," वेणीवाली पटकन म्हणाली. वडिलांकडे तिने पाहिलंही नाही. मग बाकीच्यांनीही आपापल्या हरकती परत घेतल्या. बुटकी जरा नाखुशीनेच, तिला आत्ता कुठे मजा येऊ लागली होती.

बार झाला. पण शिडीचं मन अजून तंबूच्या दारातच होतं. एरवी वळणावर ती सुटायची, आज ती मागेच रेंगाळली. बुटकी पहिली आली, वेणीवाली दुसरी, आणि शिडी कशीबशी तिसरी.

वेणीवालीचे वडील हसत हसत आले आणि त्यांनी शिडीच्या पाठीवर थाप मारली. "राग मानू नकोस हं. मुलगीच आहेस तू. खात्री पटली माझी." मग त्यांची नजर बुटकीकडे गेली. "ही मात्र... हिचं वय तपासलंय का कुणी?"

शिडी गवतावर बसून बुटांच्या नाड्या सोडत रडू लागली. आत्या शेजारी टेकली. "अगं, तिसरी तर तिसरी. पुढच्या महिन्यात पळायला मिळणार ना?"

"हरले म्हणून नाही रडत," शिडी नाक पुसत म्हणाली. "त्यांची खात्री पटली म्हणून रडतेय."

आत्याने शिडीचा पाय मांडीवर घेतला आणि पोटरी चोळायला लागली.

"जोरात चोळ," शिडी म्हणाली. "पुढच्या महिन्यात त्यांना परत शंका यायला हवी."