नाव न घेता सापडलेलं दुकान

बेगायिम नेमकं काय काम करते, हे तिच्या सासूला तीन महिन्यांत कोणालाच समजावता आलं नव्हतं. "यंत्राला पत्रं लिहिते," असं झूराकान-अपा शेजारणींना सांगायच्या, आणि ते फारसं चूकही नव्हतं. बिश्केकमधल्या एका छोट्या कंपनीने ऑनलाइन दुकानं शोधून देणारं साधन बनवलं होतं. ते वापरायचं कोणी, तर माणसांच्या वतीने खरेदीला निघणाऱ्या एआय एजंटांनी. त्यांनी गिऱ्हाइकाला काय विचारायचं, साधनात काय भरायचं, हे सगळं बेगायिम लिहून द्यायची. एजंट हा प्राणी भलता आज्ञाधारक. लिहिलेलं चुकीचं असलं तरी तो मनापासून पाळतो.

आज तिच्या लिखाणाची परीक्षा होती. मालक उसोनने बजावलं होतं, "ऑफिसचा वारा न लागलेलं गिऱ्हाईक आण. त्याला हवं ते दुकान सापडलं तर तुझी नोकरी पक्की. नाहीतर हे काम मी बाहेर देतो." बेगायिमला ही नोकरी फार हवी होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिला सकाळी उठून कामावर जावंसं वाटत होतं.

गिऱ्हाईक म्हणून तिने सासूलाच आणलं. अपांना लेकीच्या नव्या घरासाठी शिर्दाक, म्हणजे नमद्याचा गालिचा, घ्यायचा होता. तोही नारिनकडच्या त्यांच्या पुतणीच्या ऑनलाइन दुकानातून.

"मग सरळ फोन करा की," उसोन म्हणाला.

"फोन केला तर कार्टी पैसे घेणार नाही. गुपचूप घ्यायचाय."

तळलेल्या पिठाचे बोर्सोक खात, एका बोटाने अक्षरं शोधत अपांनी लिहिलं, 'पुतणीच्या दुकानातला शिर्दाक हवा.' एजंटाने नम्रपणे विचारलं, 'कृपया दुकानाचं नाव सांगा.' अपांनी लिहिलं, 'शिर्दाकवाल्या पुतणीचं.' 'कृपया दुकानाचं नाव सांगा.' चौथ्यांदा तेच आल्यावर अपांनी हात मांडीवर घेतले.

अडचण बेगायिमला आत्ता कळली, आणि तिने ती उसोनला सांगितली. पुतणीने दुकानाला आजोबांचं नाव दिलं होतं, म्हणजे अपांच्या सासऱ्यांचं. सुनेने सासरच्या थोरांचं नाव घ्यायचं नाही, या रीतीने लग्न होऊन आल्यापासून एकेचाळीस वर्षांत अपांनी ते कधी उच्चारलं नव्हतं. घरात सगळ्याच जणी 'पुतणीचं दुकान' म्हणायच्या, म्हणून बेगायिमच्या हे डोक्यातच आलं नाही. आपणही ते नाव इथे घ्यायला नको. आणि 'नाव सक्तीचे. नावाशिवाय शोधू नये, पुन्हा विचारावे' हे ठळक अक्षरांत लिहिणारी तीच होती.

"टाका ना नाव, अपा," शहरात वाढलेला उसोन म्हणाला. "यंत्राला काय कळतंय?"

"त्याला नसेल कळत. मला कळतं."

"बोलू नका, नुसतं लिहा."

"बोटांनी घेतलं तरी ते नावच, बाळा."

"पण ते जाऊन वीस वर्षं झाली ना?"

"ते गेले. त्यांचा मान कुठे गेलाय?"

उसोन बेगायिमकडे वळला. "बरं, तू टाक."

बेगायिमने कीबोर्ड पुढे ओढला. बोटं अक्षरांवर ठेवली आणि तशीच राहिली. ते तिच्या नवऱ्याचे आजोबा. शेजारी सासू बसलेली. स्वतःला आधुनिक म्हणवणाऱ्या बेगायिमचे कान लाल झाले.

"मलाही नाही जमणार, दादा."

"मग संपलंच की."

"दहा मिनिटं द्या."

काय विकतात, कुठलं गाव, मालक कोण, यावरूनही ते साधन दुकान शोधू शकत होतं. बेगायिमने ते आपल्या सूचनांच्या शेवटच्या पानावर एका ओळीत उरकलं होतं. ती ओळ तिने उचलून पहिल्या पानावर आणली. ठळक अक्षरं पुसली आणि लिहिलं: 'नावासाठी अडून बसू नये. माणूस नाव टाळत असेल तर त्याला कारण असतं; ते विचारू नये. माल विचारावा, गाव विचारावं. दुकान सापडलं की नाव आपण दाखवावं, आणि "हेच का?" एवढंच म्हणावं.'

या खेपेला एजंटाने गाव विचारलं, आणि अपा सुटल्याच. गाव, गावाबाहेरचा पूल, लाल-काळी नक्षी, पुतणीचा डावरा हात, सगळं लिहून काढलं. पडद्यावर तीन दुकानं आली. मधल्या दुकानावर पांढरी काल्पाक टोपी घातलेल्या म्हाताऱ्याचा फोटो होता आणि खाली मोठ्या अक्षरांत नाव. 'हेच का?'

अपांनी डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला आणि फोटोपुढे मान लववली. मग एका बोटाने लिहिलं, 'हेच.'

"नोकरी पक्की," उसोन म्हणाला आणि स्वतः उठून चहा ओतू लागला. बेगायिमला इतकं हलकं वाटलं की तिला हसूच आवरेना.

अपा अजून पडद्याकडेच बघत होत्या. "ही आतली पोर कुणाच्या घरची? नाव स्वतः घेतलं, मला घ्यायला लावलं नाही. वळण चांगलं आहे हो."

"वळण तुमच्या सुनेनेच लावलंय, अपा."

अपांनी बेगायिमकडे नीट पाहिलं आणि बोर्सोकची बशी तिच्याकडे सरकवली. संध्याकाळी शेजारणीने विचारलं, सून हल्ली काय करते. अपा म्हणाल्या, "यंत्रांना वळण लावते."