पिंपाची जागा

माझ्या मुलाची एक रीत मला कधीच पटली नाही. फोन केला की आधी विचारतो, दारात गाडीला जागा आहे का. माझे गुडघे, माझं ब्लडप्रेशर, हे सगळं त्यानंतर. जागा नाही म्हटलं की म्हणतो, पुढच्या वेळी बघू. आणि गुडघ्यांपर्यंत पोचायच्या आत फोन ठेवतो. एकुलता एक आहे. दुसरा असता तर याला कधीच सोडून दिला असता.

घर आमचं कोपऱ्यावर. खाली बंद गाळा, वर मी. एका अंगाला मोठा रस्ता, दुसऱ्या अंगाला शाळेची गल्ली. शहर एवढंसं, पण गाड्या बघाल तर माणशी दोन. सकाळी नऊनंतर रस्त्याकडेला सुई टोचायला जागा राहत नाही. तीन वर्षांपूर्वी तो येणार म्हणून मी केस विंचरून, ठेवणीतले कपडे घालून खिडकीत बसले होते. त्याची पांढरी गाडी खालून एकदा गेली, दोनदा गेली. तिसऱ्यांदा थांबली ती समोरच्या सलूनपाशी. माझ्या औषधांची पिशवी त्यानं न्हाव्याच्या हातात दिली, काच वर केली आणि गेला. न्हावी बिचारा अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक तसंच सोडून जिना चढून आला. मी त्याला चहा दिला. दोन कप केलेलाच होता.

दुसऱ्याच दिवशी मी गच्चीवरचं जुनं पिंप खाली उतरवून घेतलं, त्यात वाळू भरली आणि कोपऱ्यालगत, माझ्या दारासमोर, रस्त्यात उभं केलं. आमचे हे तीस वर्षं बस चालवत होते. म्हणायचे, रस्ता कुणाच्या बापाचा नसतो. खरं आहे. पण एक गाडी मावेल एवढा तुकडा बापाचा नसला तरी मुलाचा करता येतो, असं मी ठरवलं.

मग काय, अख्ख्या रस्त्याशी वैर. टेम्पोवाले शिव्या घालायचे, बँकेतले साहेब कायदा सांगायचे. मी म्हणायचे, माझा मुलगा येतोय. कधी येतोय हे कुणी विचारलं नाही, म्हणून सांगावं लागलं नाही. आधी त्याच्या मुलांच्या परीक्षा होत्या, मग ऑफिस, मग सूनबाईची कंबर. औषधं पोस्टानं यायला लागली. एकदा नगरपालिकेची माणसं रंगाचे डबे घेऊन रेघा मारायला आली, तेव्हा मी त्या जागेत खुर्ची टाकून दुपारपर्यंत बसले. कंटाळून गेली. मला मात्र सवय लागली. संध्याकाळ झाली की गाडीच्या जागेत मीच जाऊन बसायचे. तिथं निदान येणारे-जाणारे वळून बघायचे. घरात घड्याळसुद्धा भिंतीकडे तोंड करून बसल्यासारखं.

गेल्या महिन्यात नगरपालिकेचा नवा मोजणीदार आला. हातात टेप, अंगात झगझगीत नारिंगी जाकीट. पिंपापासून कोपरा मोजला, गल्लीचं तोंड मोजलं, आणि माझ्या पायरीवर बसून वहीत उतरवायला लागला. मी वरून म्हटलं, "काय रे, पिंपाला मुलगी द्यायचीय का? स्थळ बघितल्यासारखा निरखतोयस."

तो हसला, पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, आजी, या रस्त्याला सात वळणं आहेत. पोलिसांकडून तीन वर्षांचे अपघात काढून आणलेत. सहा वळणांवर कुणी ना कुणी गाडीखाली आलंय, त्यात शाळेतली मुलंही आहेत. तुमच्या वळणावर एक नाही. मला वाटत होतं, कागद चुकलाय. आज बघितलं. तुमच्या पिंपामुळे इथं कोपऱ्याला गाडीच उभी राहत नाही, त्यामुळे मुलांना रस्ता दिसतो आणि गाडीवाल्यांना मुलं.

त्याला तिथं आडव्या पट्ट्या मारायच्या होत्या, कायमच्या. कुणीच गाडी लावायची नाही. मी विचारलं, माझ्या मुलानं? तो म्हणाला, त्यानंही नाही. तशी तुमची परवानगी लागत नाही आजी, पण मागच्या खेपेला तुम्ही आमची माणसं परत पाठवलीत असं फायलीत लिहिलंय, म्हणून आधी विचारून घेतो.

बघते म्हटलं. आजवर मुलाच्या तोंडावर निदान म्हणता येत होतं, जागा आहे बाबा, ये. पट्ट्या मारल्या की त्याच्या सबबीवर सरकारी शिक्का बसणार.

दुसऱ्याच्या सांगण्यावर माझा विश्वास नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या आधी मी पिंप बाजूला करवलं आणि एका टेम्पोवाल्याला म्हटलं, लाव तुझा रथ. त्यानं दोनदा माझ्याकडे बघितलं, मग लावला. मी पायरीवर बसले. दोन वेण्यांची एक मुलगी गल्लीतून आली. टेम्पोआडून काही दिसेना, म्हणून दोन पावलं पुढे झाली, ती थेट रस्त्यात. मोटारसायकलवाल्यानं ब्रेक दाबला, तरी चाक तिच्या दप्तराला टेकलंच. पोर रडलीसुद्धा नाही. दप्तर झटकलं आणि गेली. मी टेम्पो तिथून लगेच काढायला लावला. तिला काही झालं असतं तर ते पाप टेम्पोवाल्याचं नव्हतं.

न्हाव्याकडून मोजणीदाराला फोन लावून घेतला. म्हटलं, मार बाबा तुझ्या पट्ट्या, आणि चांगल्या जाड मार. नगरपालिकेची माणसं पिंप उचलून नेत होती, ते मी पायरीपाशी ठेवून घेतलं. झाड लावीन म्हणून सांगितलं. अजून लावलं नाही.

मुलाला यातलं काही बोलले नाही. आणि काल तो न विचारताच आला. याच बाजूला काम होतं म्हणे. खिडकीतून बघते तर कोपऱ्यात पांढरी गाडी, चारही चाकं नव्या पट्ट्यांवर. जे बघायला तीन वर्षं वाट पाहिली, ते अगदी तसंच समोर.

जिना कसा उतरले मला आठवत नाही. तो गाडीबाहेर उभा होता. कानांपाशी केस पांढरे झालेत त्याचे. आई, शेवटी जागा मिळाली बघ, म्हणाला, आणि दहाच मिनिटं आहे, चहा टाक. वर जाऊन आधण ठेवावं असं मला फार वाटलं. तेवढ्यात शाळेची घंटा झाली. गाडी लावायला आता जागा होती ती तळ्याकाठच्या मैदानावर, तिथून इथवर दहा मिनिटांची चाल. आणि हा काय म्हणणार ते मला पाठ आहे, मीच त्याला जन्म दिलाय. समोर न्हावी आरशातून बघत होता.

"गाडी काढ," मी म्हटलं. "तीन वर्षं ही जागा तुझ्यासाठी राखली, तेव्हा फिरकला नाहीस. आता ती शाळेच्या लेकरांची आहे. मैदानावर गाडी लाव आणि चालत ये, चहा टाकते. आणि आईपर्यंत दहा मिनिटं चालणं होत नसेल, तर जे काय आणलंयस ते न्हाव्याकडे देऊन जा. त्याला जिना माहीत आहे."