मागच्या टोकाचा नांगर

माझ्या धाकट्या भावाने त्या सकाळीही नांगर फेकलाच. नांगर फेकायचा नसतो, सोडायचा असतो. हात-हात दोर देत, आवाज न करता. तळाला टेकला की होडी पाण्याबरोबर मागे जाऊ द्यायची, खोलीच्या पाच-सात पट दोर सोडायचा आणि मग बांधायचा. वडिलांनी आम्हा दोघांना एकाच होडीत बसवून हे शिकवलं होतं. याने मात्र ते लोखंड धाडकन पाण्यात टाकलं, तेही माझ्यापासून वीस हातांवर, वरच्या अंगाला. तासभर गळ टाकून बसलो होतो, माझ्याकडे येणारा मासा न् मासा पळाला.

"डोह काय तुझ्या एकट्याचा आहे?" मी तोंड उघडायच्या आधीच तो ओरडला.

"आधी कोण आलं होतं?"

"नदीवर नाव लिहिलंय का तुझं?"

तीन वर्षं आमच्यात याखेरीज दुसरं बोलणं नव्हतं. वडील गेल्यावर वाटणी झाली आणि त्यांची होडी त्याच्याकडे गेली, कारण माझ्याकडे आधीच एक होती. मला ते झोंबलं. वडिलांबरोबर नदीवर जन्म काढला मी, आणि होडी याला! मी पाना घेऊन गेलो आणि होडीच्या पुढच्या टोकाची, नांगर बांधायची कडी काढून आणली. बसवली मी होती, म्हणजे माझी. लाकडात नुसती दोन भोकं राहिली. तो शेजारी उभा राहून बघत होता. म्हणाला, "ने. मला गरज नाही."

त्या दिवसापासून तो नांगर मागच्या टोकाला बांधायला लागला, इंजिनाच्या शेजारी. निव्वळ मला दाखवायला.

नदीवर वावरणाऱ्या कुणालाही विचारा, हा जीवाशी खेळ आहे. होडीचं पुढचं टोक उंच आणि निमुळतं, ते पाणी कापतं. मागचं रुंद आणि ठेंगणं, त्यात तिथे इंजिनाचं वजन आणि माणसाचंही. होडी त्या बाजूने बांधून ठेवली की जोराचं पाणी सरळ आत चढतं. संथ पाण्यात हे खपून जातं, तसं ते तीन वर्षं खपलं.

मध्यंतरी त्याची बायको आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली होती. दोघी जावांचं चांगलं आहे, आमच्या भांडणात त्या पडत नाहीत. पण त्या दिवशी ती माझ्याकडे वळली. "भाऊजी, ती कडी द्या ना. मी बाजारातून आणली म्हणून सांगेन."

"त्याला तोंड आहे ना? त्याने येऊन मागावी."

ती चहा तसाच ठेवून निघून गेली. माझी बायको दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. कडी माडीवर जुन्या जाळ्याखाली पडून होती, आणि मी ती दिली नाही. मी असा आहे.

तर त्या सकाळी वरच्या धरणाचा भोंगा वाजला. भोंगा वाजला म्हणजे पाणी सोडणार आणि अर्ध्या तासात डोहाला ओढ येणार. मी गळ गुंडाळायला घेतले. माझ्या दोराच्या शेवटाला रिकामा कॅन बांधलेला असतो. वेळ आली तर दोर सोडून द्यायचा, कॅन तरंगत राहतो, पाणी उतरल्यावर येऊन नांगर काढायचा. चाकूही हाताशी असतो.

"पळपुटा!" तो हसला. मी निघालो तर जागा त्याची होणार होती, म्हणून तो हलेना. आणि तो हलेना म्हणून मीही रेंगाळलो. दोघेही एकाच बापाची पोरं.

पाणी आलं ते अर्ध्या तासाच्या आधीच. माझी होडी टोक वर करून जागच्या जागी डोलायला लागली. त्याची मागून खाली बसली. आखूड दोर ताणून काठीसारखा झाला होता आणि इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी पाणी आत येत होतं. तो डबा घेऊन उपसत होता. एक डबा बाहेर, तीन डबे आत.

"दोर काप!" मी ओरडलो. "काप तो दोर!"

"हो का? म्हणजे माझा नांगर जाईल आणि जागा तुला!"

"अरे बुडशील गाढवा, काप!"

त्याने दोराचा आणखी एक वेढा घट्ट आवळला. माझ्याकडे बघत आवळला.

उलट्या पाण्यात ते वीस हात वल्हवत जाणं कुणालाही जमलं नसतं. मला भीती वाटली. एवढी भीती मला कधीच वाटली नव्हती. मी आणखी ओरडलो असतो तर त्याने आणखी वेढे घातले असते. त्याच्या बायकोला आता काय सांगायचं हेच माझ्या डोक्यात घुमत होतं. आणि मग माझ्या तोंडून निघालं, "बरं, कापू नकोस! खबरदार कापलास तर!"

त्याने मान वर केली.

"तुझा नांगर माझ्या दोरात अडकलाय! तू दोर कापलास तर माझाही नांगर जाईल. हात लावून बघ, धक्क्यावर चारचौघांत थोबाड फोडीन!"

असं काही अडकलं नव्हतं. पण तो हसला, माशांच्या पेटीतून चाकू काढला आणि मला दिसेल असा उंच धरून दोर कापला. होडी उसळून वर आली, गर्रकन फिरली आणि माझ्या कडेने खाली वाहत गेली. पाणी त्याच्या पोटऱ्यांपर्यंत होतं. "गेला तुझा नांगर!" तो आनंदाने ओरडत होता. मी कॅनसकट माझा दोर सोडून दिला आणि त्याच्या मागे निघालो.

धक्क्यावर त्याने ही कथा सगळ्यांना तिखटमीठ लावून सांगितली. मी त्याला खऱ्याखुऱ्या शिव्या दिल्या, त्यात नाटक काहीच नव्हतं. वर दम भरला, "वडिलांच्या होडीला पुढे कडी बसवलीस तर याद राख! तुझी लायकी नाही ती." तिसऱ्या दिवशी होडीच्या पुढच्या टोकाला अंगठ्याएवढी जाड नवी कडी होती. मला दाखवायला तो आमच्या घरासमोरून दोनदा गेला.

मग पुन्हा त्याची बायको आली. या वेळी ती बसलीही नाही.

"भाऊजी, ते लाइफ जॅकेट घालत नाहीत. आणून दिलंय, खुंटीवर तसंच लटकतंय."

"मग मी काय करू?"

"त्यांना घालू नको म्हणा," ती म्हणाली. "लोकांसमोर म्हणा."

माझी बायको चुलीकडे तोंड करून हसायला लागली. मला हसू आलं नाही. आठवडाभर मी मनाशी जुळवत होतो की त्याच्या दारात जायचं, कडी काढली ते माझं चुकलं म्हणायचं, आणि पुरे कर म्हणायचं. पहिलं वाक्यसुद्धा ठरलं होतं. आता ते बोलून चालणार नव्हतं. भांडण मिटलं तर तो माझं काही ऐकणार नाही.

मी धक्क्यावर गेलो. तो इंजिन पुसत होता, आजूबाजूला दहाबारा माणसं होती.

"ए!" मी ओरडलो. "जॅकेट घालून डोहावर आलास तर बघ! भेकडांचं काम नाही तिथे!"

तो चवताळून उठला आणि फडकं टाकून तरातरा घराकडे निघाला. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिलो. माझा भाऊ आहे तो, आणि मला आता त्याच्याशी जन्मभर भांडावं लागणार आहे.