सरळ विचारलं

माझी बायको भीमा गेल्यापासून मला घरात बसवत नाही. चेरीतालच्या आमच्या वस्तीतून बड्या फुहाऱ्याच्या बाजारापर्यंत चालत जातो आणि काहीही न घेता परत येतो. लोकांना आम्ही हार्ट अटॅक सांगितला. तिने स्वतःच जीव दिला, हे फक्त घरातल्यांना माहीत आहे.

ती झोपत नव्हती, तेव्हा वस्तीत सगळे म्हणाले, धम्म घेतला तेव्हाच आपण भूतबाधा, झाडफूक सोडली; आता हे मनाचं खूळ कशाला? भुतांबरोबर आम्ही मनाचा आजारही टाकून दिला होता.

रविवारी विहारात गेलो. वस्तीतल्या गुलाबरावांची सून विनता एरवी पुढे बसून वंदना म्हणायची. आज ती दाराशी बसली होती. ओठ हलत नव्हते. भीमा शेवटी अशीच बसायची. मी उठून बाहेर गेलो, आत आलो, पुन्हा बाहेर गेलो.

वंदना संपल्यावर तिच्या सासूला, चंपाबाईला, गाठलं.

"विनता बिमार आहे का?"

"बिमार कायची? नखरे आहेत. दिवसभर लोळून राहते. तुम्ही काहून चौकशी करून राहिले, भाऊजी? घरी करमत नाही वाटते?"

"नाही करमत."

मी विनतासमोर जाऊन बसलो.

"बेटा, मरून जावं असं वाटते का तुला?"

"भाऊजी!" चंपाबाई ओरडली. "नसलेलं कायले डोक्यात भरता तिच्या?"

विनताने मान वर केली. "रोज वाटते, काकाजी. पर किसी ने पूछा नहीं."

चंपाबाई भिंतीला टेकली. "आपण हे असलं मानत नाही," ती हळूच म्हणाली.

"भीमाला हार्ट अटॅक नव्हता, वहिनी. तिनं जीव दिला. चला, हिला आत्ताच दवाखान्यात नेऊ."

"लोकांनी विचारलं तर?"

"सांगा, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, त्याला दाखवायला नेलं."

विनता किंचित हसली.

ऑटोत चंपाबाईने तिचं मनगट सोडलं नाही. दवाखान्याच्या खिडकीवर बाबूने विचारलं, "किसको दिखाना है? क्या तकलीफ है?"

चंपाबाईने मागे रांगेकडे पाहिलं. मग खणखणीत आवाजात म्हणाली, "मेरी बहू को. मन की तकलीफ है."

नंबर लागायला वेळ होता. मी व्हरांड्यात फेऱ्या मारू लागलो.

"काकाजी," विनता बाकावर सरकली, "बसा ना."

पाय थांबत नव्हते. तरी बसलो.